उघडे दार

पुण्याहून पूर्वेस निघणाऱ्या दोन वाटा आहेत. एक वाट शिक्रापूर, रांजणगाव अशी मजल करीत घोडनदीच्या काठी वसलेल्या शिरूर गावी पोहोचते आणि तेथून नदी ओलांडून अहमदनगरकडे, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरकडे जाते. दुसरी वाट लोहमार्गाची. उरुळी, यवत, केडगाव, पाटस ही स्थानके मागे टाकीत ती भीमाकाठच्या दौंडला येते. सह्याद्रीच्या माथ्यावर अडलेला पाऊस या दोन्ही तालुक्यांच्या वाट्यास थोडाच येतो. आज येथे कालव्यांचे पाणी खेळते, उसाचे मळे डोलतात आणि कारखान्यांची धुराडी दिसतात. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वीचे चित्र निराळे होते. बाजरी-ज्वारीचे एक पीक आणि आभाळाकडे लागलेले डोळे, एवढाच येथील कुणब्याचा संसार होता.

दुष्काळ हा या भागाचा जुना पाहुणा. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ एकाच पिढीच्या डोळ्यांसमोरून गेले. विहिरी आटल्या, गुरे मातीमोल किमतीने विकली गेली आणि माणसे पोटासाठी घरेदारे सोडून परागंदा झाली. अशा काळात माणुसकीची कसोटी लागते. ती जशी राज्यकर्त्यांची लागते, सावकारांची लागते, तशीच धर्माचीही लागते. या कसोटीस जे उतरू पाहत होते त्यांत शिरूर व केडगाव येथील ख्रिस्ती सेवकांची गणना करावी लागेल. त्यांनी काय केले, कोणत्या हेतूने केले आणि त्यांच्यावर लोकांनी कोणते आक्षेप घेतले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात आणि भाविकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. मेंढपाळाने आपला कळप राखावा तसे पाळकाने मंडळीस राखावे, ही त्या शब्दामागील कल्पना. परंतु कळपाबाहेर जी माणसे आहेत त्यांच्याशी पाळकाचे नाते कोणते? उद्याचे अनुयायी म्हणून त्याने त्यांच्याकडे पाहावे, की आजचे शेजारी म्हणून? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती धर्माचा नव्हे. ज्याला आपली श्रद्धा प्राणाहून प्रिय आहे आणि तरीही ज्याला भिन्न श्रद्धेच्या माणसांत राहावयाचे आहे, अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

प्रथम शिरूरकडे वळू. अमेरिकन मराठी मिशन ही संस्था १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात आपले कार्य सुरू करती झाली. पुणे आणि नगर यांच्या साधारण मध्यावर असलेल्या शिरूर गावीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या मिशनचे ठाणे होते. प्रारंभीचे उपदेशक गावोगाव हिंडत, बाजाराच्या दिवशी वडाच्या सावलीत उभे राहून बोलत, पुस्तिका वाटत. लोक ऐकून घेत, कोणी वाद घालीत, आणि बाजार उठला की सारे आपापल्या घरी जात. नुसत्या बोलण्याने माणूस जवळ येत नाही, हे या उपदेशकांना हळूहळू उमगत गेले.

जे थोडे लोक ख्रिस्ती झाले त्यांतील बहुतेक महार व मांग समाजांतील होते. गावाने त्यांना आधीच वेशीबाहेर ठेवले होते. नव्या धर्मात गेल्यावर त्यांपैकी अनेकांचे बलुते तुटले आणि गावकीची कामेही गेली. मंदिरातील प्रार्थनेने मन शांत झाले, तरी चूल कशी पेटावी? दुष्काळात अनाथ झालेली मुले मिशनच्या आश्रयास येऊ लागली, तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. मुलांना दोन वेळा जेवू घालणे ही दया झाली. पण मोठेपणी त्यांनी कोणापुढेही हात पसरू नये अशी व्यवस्था करणे, हे शिक्षण होय.

शिरूर येथे दीर्घकाळ काम करणारे रेव्हरंड रिचर्ड विन्सर व त्यांच्या पत्नी यांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली. त्यांच्या काळात शिरूरच्या शाळांना हस्तव्यवसायांची जोड मिळाली. मुले अक्षरे गिरवीत, तसेच हत्यारेही हाताळीत. ज्या समाजात हाताने काम करणारा हलका आणि पोथी वाचणारा थोर मानला जाई, त्या समाजात एकाच छपराखाली पाटी आणि रंधा यांना समान मान मिळावा, ही साधी गोष्ट नव्हती.

शिरूरच्या उद्योगांपैकी घायपाताचा उद्योग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. परंतु दख्खनच्या रुक्ष भूमीत ती चांगलीच रुजली. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, लोहमार्गाच्या कडेला तिची काटेरी पाने उभी असतात. तिला पाणी नको, खत नको, राखण नको. अन्य पिके करपून जातात तेव्हाही ती हिरवी राहते. तिची जाड पाने कापून, चिरडून त्यांतील गर खरवडून काढला की आत पांढरे, चिवट तंतू मिळतात. ते धुऊन उन्हात वाळविले म्हणजे वाख तयार होतो आणि वाखापासून दोर, दावी, काथ्यासारख्या वस्तू करता येतात. दुष्काळी मुलखात दुष्काळाला न जुमानणारी वनस्पती शोधावी आणि तिच्यातून निराधारांची भाकरी काढावी, यात उपदेशकाची दृष्टी जितकी दिसते तितकीच शेतकऱ्याचीही दिसते. दोर विकत घेणाऱ्याला तो कोणाच्या हातांनी वळला हे विचारण्याचे कारण पडत नाही. वेशीबाहेरच्या मुलाने वळलेला दोर वेशीतल्या विहिरीवर जाऊ शकतो. असा व्यवहार वाढला म्हणजे माणसामाणसांमधील भिंतीही थोड्या का होईना, ठेंगण्या होतात.

शिरूरच्या दक्षिणेस, भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथे जे कार्य उभे राहिले त्याची कीर्ती मात्र साऱ्या जगभर पसरली. ते कार्य करणारी व्यक्ती परदेशी नव्हती, पुरुष नव्हती आणि दीक्षा घेतलेली पाळकही नव्हती. त्या काळी स्त्रियांना ती दीक्षा मिळणे जवळजवळ अशक्यच होते. त्या होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा दंडक असताना त्यांनी तो मोडून आपल्या पत्नीस व कन्येस ती भाषा शिकविली. तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत हे कुटुंब भारतभर फिरले. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ साली रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने मरण पावली. उरलेली दोन भावंडे अनवाणी, अर्धपोटी, हजारो मैल चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे दोन वर्षांनी भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी झालेला विवाहही अल्पायुषी ठरला. १८८२ साली पती वारले, तेव्हा रमाबाईंचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि मांडीवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजाला हा मोठा धक्का होता. तथापि रमाबाई नव्या धर्मातही कोणाच्या ताबेदार झाल्या नाहीत. इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी मतभेद मांडले. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणत्याही पंथास गहाण टाकण्याचे त्यांनी नाकारले. त्यांचा मराठी पेहराव व शाकाहार हे अखेरपर्यंत टिकले. अमेरिकेत जाऊन त्यांनी बालविधवांच्या दुःस्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली आणि तेथे स्थापन झालेल्या साहाय्यक मंडळाकडून दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले.

शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, सोवळेओवळे सांभाळावे, अशी व्यवस्था होती. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळावर होती. या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. हिंगण्याच्या कार्यात महर्षींच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या आनंदीबाई कर्वे त्या याच. शारदा सदनात शिकूनही त्या हिंदूच राहिल्या, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे.

असे असता वाद उद्भवलाच. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत असत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ही वार्ता बाहेर पसरताच गावात खळबळ उडाली. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने कडक टीका केली. विश्वासाने पाठविलेल्या कोवळ्या मुलींच्या मनावर आडवाटेने धर्मांतराचा संस्कार होत आहे, हा टीकेचा मुख्य रोख होता. सल्लागारांनी या प्रकारास आक्षेप घेतला. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलावीत नाही. परंतु स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना करताना दार लावून घेणे आपणास मान्य नाही. अखेर १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात कोणाची बाजू खरी? विचार केल्यास दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आढळते. ज्या आश्रमात अन्न, वस्त्र, निवारा आणि माया एकाच व्यक्तीकडून मिळते, तेथे त्या व्यक्तीच्या श्रद्धेचे वजन मुलांच्या मनावर पडल्याशिवाय राहत नाही. बोलावले नाही तरी ओढ लागते. पालकांची चिंता म्हणून खोटी नव्हती. उलटपक्षी, ज्या माणसाने आपली श्रद्धा एवढी किंमत मोजून पत्करली आहे, त्याने ती चोरून पाळावी असे म्हणणेही न्यायाचे नव्हे. शिवाय झाकलेल्या दारापेक्षा उघड्या दारात फसवणुकीला कमी जागा असते. आत काय चालले आहे ते सर्वांना दिसत होते, म्हणूनच सल्लागारांना आक्षेप घेता आला आणि पालकांना मुली परत नेता आल्या. दाराचा उपयोग आत येण्यासाठी होतो, तसाच बाहेर जाण्यासाठीही होतो.

यानंतर थोड्याच वर्षांत दुष्काळाने सारे वादविवाद मागे सारले. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाची वर्णने रमाबाईंच्या कानी आली. जे त्यांनी स्वतः बालपणी भोगले होते तेच आता सहस्रावधी मुलींच्या वाट्यास आले होते. निराधार मुलींना दुष्ट लोक फसवून नेत आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. आता जातीपातीची अट उरली नव्हती. भुकेने ज्यांची हाडे वर आली आहेत त्यांची जात कोण विचारणार?

परंतु पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर चालू होता. इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर माळरान फळबागेसाठी घेतलेले होते. त्या उघड्या रानातच मुलींची वस्ती करावी लागली. निवाऱ्यासाठी प्रथम तंबू व झोपड्या होत्या. विहिरी खणल्या गेल्या, झाडे लावली गेली, इमारती उठल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी या वसाहतीस ‘मुक्ती’ हे नाव देऊन तिचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास अमेरिकेतील मंडळाच्या दहा वर्षांच्या कराराची मुदत संपली होती. मुक्तीचे स्वरूप आता उघडपणे ख्रिस्ती झाले, आणि ते रमाबाईंनी कोणापासून लपवून ठेवले नाही. ज्या अनाथ मुलींना परत नेण्यास कोणी पालकच उरले नव्हते, त्यांच्या बाबतीत १८९३ चा आक्षेप अधिकच गंभीर ठरतो हेही मान्य करावयास हवे. त्या मुलींना घेऊन जाण्यासाठी मात्र त्या वेळी फार थोडे हात पुढे आले होते.

परकीयांचे राज्य आपल्या धर्माचे, म्हणून त्याचे दोष झाकावेत, असेही रमाबाईंनी केले नाही. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध १८९७ साली त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात खरमरीत लिहिले. त्या लेखनाची दखल थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत घेतली गेली.

१८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत त्याला लोक ‘छप्पनियो’ म्हणत, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. तेथूनही मुलींच्या तुकड्या केडगावास आल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. एका आडगावच्या माळावर इतक्या मुखांना रोज अन्न पुरविणे ही गोष्ट कल्पनेलाही जड जाते. रमाबाईंनी सर्वांना काम दिले. कोणी शेत कसले, कोणी गाईंच्या धारा काढल्या, कोणी माग चालविला, कोणी तेलाचा घाणा हाकला, कोणी शिवणकाम केले. शाळा तर सर्वांनाच होती. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हे वेगळे घर होते. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने परदेशात ब्रेल लिपी शिकून घेतली आणि मुक्तीतील अंध मुलींना ती बोटांनी वाचावयास शिकविली. ज्या मुलीला सर्वांनी ओझे मानले होते ती आता स्वतः वाचू लागली, विणू लागली, दुसऱ्या अंध मुलीला शिकवू लागली.

१९०५ सालापासून मुक्तीतील स्त्रियांचे जथे आसपासच्या खेड्यांत प्रचारासाठी जाऊ लागले. या बायका ख्रिस्ताविषयी बोलत. सर्वांनाच ते पटे असे नाही. कोणी ऐके, कोणी पाठ फिरवी. परंतु खेड्यातील स्त्रियांना एक अपूर्व दृश्य पाहावयास मिळाले. कालपर्यंत जी विधवा अंधाऱ्या कोपऱ्यात बसत होती, जी अनाथ पोर दारोदार भाकरी मागत होती, ती आता हातात पुस्तक घेऊन चारचौघांत निर्भयपणे बोलत होती. उपदेश पटो वा न पटो, ते दृश्य विसरता येण्याजोगे नव्हते.

मंडळीबाहेरच्या माणसांपर्यंत जावयाचे तर त्यांची भाषा यावी लागते. मराठी देशात आलेल्या ख्रिस्ती उपदेशकांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. पुढे अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी टाळमृदंगाच्या साथीने ख्रिस्ताची कथा सांगितली. परक्या चालीची गीते ऐकून जे लोक दूर उभे राहत, तेच लोक कीर्तन म्हटल्यावर पारावर येऊन बसू लागले.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९०४ साली अहमदनगर येथे त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. अभंग आणि ओवी यांवर त्यांची मूळचीच भक्ती होती. ती धर्मांतराने आटली नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनच्या चाकोरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्या दरबारात बंधुभावाने जागा होती. मंडळीची भिंतच जणू त्यांनी मागे सरकविली. १९१९ साली टिळक वारले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. परंतु एका पाळकाने विचारलेला प्रश्न मात्र टिकला.

केडगावातही भाषेचेच मोठे काम चालू होते. संस्कृत पंडिता असलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. बायबलचे मराठी भाषांतर पूर्वीही झालेले होते. परंतु जेमतेम वाचता येणाऱ्या खेडवळ बाईला सहज कळेल अशा मराठीत ते असावे, असा त्यांचा ध्यास होता. ज्यांच्या जिभेवर देववाणी खेळत होती, त्या विदुषीने साध्या बोलीसाठी वर्षानुवर्षे झिजावे, यातच त्यांच्या सेवेचे मर्म आहे. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, कागद चढविणाऱ्या, पाने बांधणाऱ्या सर्व स्त्रियाच होत्या. १९२१ साली मनोरमा मरण पावली. तो घाव सोसून रमाबाईंनी भाषांतराचे काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

सरकारने १९१९ साली त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले होते. स्वतंत्र भारताने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परंतु त्यांचे खरे स्मारक केडगावलाच आहे. रमाबाईंनी लावलेली संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांना आसरा देत आहे.

शिरूरचा वाख आणि केडगावचा छापखाना, या दोन्ही गोष्टींकडे एकत्र पाहिले म्हणजे एक बोध होतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून आपल्या मंडळीची संख्या मोजणारा सेवक लोकांच्या विश्वासास पात्र होत नाही. कारण मदतीचा हात देताना तो मोबदला मागत असतो, आणि भुकेलेल्या माणसाला नाही म्हणण्याची ताकद नसते. तसेच, लोकांची मर्जी राखण्यासाठी स्वतःची श्रद्धा झाकून ठेवणाराही विश्वासास पात्र होत नाही. पहिल्यास माणसाविषयी आदर नाही. दुसऱ्यास सत्याविषयी नाही. या दोहोंच्या मधला मार्ग अवघड आहे. शिरूर व केडगाव येथील सेवक त्यावरून चालताना कधी अडखळले नाहीत असे म्हणता येणार नाही, आणि त्यांच्या टीकाकारांनी वेळोवेळी त्यांना सावध केले हेही योग्यच झाले. परंतु दुष्काळाच्या त्या भीषण दिवसांत ज्यांच्यासाठी सर्व दारे बंद झाली होती, त्यांच्यासाठी या माळरानावर एक दार उघडे होते. त्याचे मोल, आत शिरलेल्या त्या मुलींनाच पुरते ठाऊक असणार.

स्वाध्याय

१. ‘पाळक’ व ‘मंडळी’ या शब्दांमागील कल्पना तुमच्या शब्दांत सांगा.

२. दुष्काळी भागासाठी घायपाताचा उद्योग का सोयीचा होता? वाख कसा तयार करतात, ते क्रमाने लिहा.

३. शारदा सदनासंबंधी १८९३ साली झालेल्या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे काय होते? तुम्हांला कोणाचे म्हणणे अधिक पटते? कारणे द्या.

४. ‘दाराचा उपयोग आत येण्यासाठी होतो, तसाच बाहेर जाण्यासाठीही होतो,’ या वाक्याचा अर्थ आनंदीबाई कर्वे यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

५. लोकांच्या जवळ जाण्यासाठी त्यांची भाषा व त्यांचे कलाप्रकार यांचा उपयोग कोणी व कसा केला?

६. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : परागंदा होणे, कसोटीस उतरणे, न जुमानणे, तडीस नेणे, गहाण टाकणे.

७. तुमच्या गावातील अथवा तालुक्यातील एखाद्या जुन्या सेवाभावी संस्थेस भेट द्या. ती कोणी, केव्हा व कोणत्या गरजेतून काढली याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन वीस ओळींचा निबंध लिहा.